हात कुठे ठेवावेत?

मराठी शिकवणाऱ्या माणसाने सायकलच्या हँडलवर भाषण करावे, याचे तुम्हांला थोडे नवल वाटेल. आमच्या घरी तर विषय ऐकून हसूच झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा हातातून खडू का पडत होता, ते सांगा की लोकांना!" त्यांनी थट्टा केली खरी, पण भाषणाचा आरंभ मला तिथेच सापडला. तेव्हा खडूपासूनच सुरुवात करतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या हातातून खडू पडू लागला. एकदा पडला तेव्हा मुलांनी तो उचलून दिला. दुसऱ्यांदाही दिला. तिसऱ्यांदा मागच्या बाकांवरून हलकेच हसणे ऐकू आले. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाल्यासारखी वाटे. चिमटा घेतला तर दुसऱ्याचेच बोट धरल्यासारखे. चाळिशी उलटली की माणसाला नको नको त्या शंका येतात. मी मुकाट्याने डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "रोज तळहात कशावर टेकून बसता का हो?" मी सांगितले, "बसत नाही, पण सायकल चालवतो." ते म्हणाले, "मग झालं तर! करंगळीकडे जाणारी नस मनगटापाशी तळव्याच्या बाहेरच्या कडेला अगदी वर असते. तुम्ही अंगाचा भार तिच्यावर टाकता आहात. एक तर सायकल सोडा, नाही तर तिच्यावर बसायची तऱ्हा बदला."

सायकल सोडणे मला शक्य नव्हते. म्हणजे सोडली असती तर आभाळ कोसळले नसते. पण गिरगावातून परळच्या कॉलेजात जाताना ती अर्धी-पाऊण घटका एवढीच काय ती माझी स्वतःची होती. तेव्हा बसायची तऱ्हा बदलावी असे ठरवले, आणि त्या एका निश्चयापायी मी जे काही शिकलो, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी त्या सायकलीची ओळख करून देतो. ती माझी नव्हे, भाच्याची. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि जाताना सायकल आमच्या चाळीच्या गॅलरीत उभी करून गेला. दिसायला अगदी सडसडीत. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटा नाही. तरुण मुले अशा सायकलीला 'फिक्सी' म्हणतात. हिचे वैशिष्ट्य मागच्या चाकात आहे. आपल्या नेहमीच्या सायकलीला फ्रीव्हील असते. आपण पाय थांबवले तरी चाक आपले पुढे पळत राहते आणि 'कर्र कर्र' असा तो ओळखीचा आवाज येतो. हिच्या मागच्या चाकाला दातेरी चक्र पक्के आवळलेले असते. चाक फिरले की साखळी फिरते, साखळी फिरली की पायही फिरतात. उतार असो, सिग्नल असो, समोर म्हैस येवो, चाक फिरते तोवर पायांना सुटी नाही. वेग कमी करावयाचा तर पायांनीच उलटा जोर देऊन चाकाला आवरावे लागते. लहान मुलांच्या तीनचाकी सायकलीची रचना अशीच असते. म्हणजे आपण सर्वजण पहिली सायकल शिकतो ती हीच.

पूर्वी सगळ्याच सायकली अशा असत. पुढे राक्षसी चाक आणि मागे चिमुकले चाक अशी जी जुनी सायकल आपण चित्रांत पाहतो, तिचे पायडल तर थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असे. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने दोन जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' बाजारात आणली आणि आजच्या सायकलीचा घाट ठरून गेला. पुढे फ्रीव्हील रूढ झाले, गिअर आले. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती मात्र १९३७ साली! पण बंदिस्त, गोल, उतरत्या कडांच्या धावपट्टीवर, ज्याला व्हेलोड्रोम म्हणतात तिथे, ही बिनसुटीची सायकल टिकून राहिली. एडी मर्क्स या बेल्जियन सायकलपटूने १९७२ साली मेक्सिकोत एका तासात ४९ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले, ते असल्याच सायकलीवर. आपल्याकडे पुण्याला बालेवाडीच्या क्रीडानगरीत अशी धावपट्टी आहे. तिथे सायकलीला ब्रेकही नसतो, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि अचानक कोणी थांबत नाही.

हे 'सगळे एकाच दिशेने जातात' वाक्य लक्षात ठेवा, श्रोतेहो. त्यात सगळे आले. धावपट्टीवरच्या सायकलीचे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते. वारा अंगावर कमी घ्यावा म्हणून स्वार त्यावर पालथा पडतो. त्याची नजर पुढच्या दहा-वीस हातांवर असली तरी भागते. पण तेच हँडल घेऊन तुम्ही ठाकुरद्वारच्या नाक्यावर या! डावीकडून हातगाडी, उजवीकडून टॅक्सी, समोरून चुकीच्या बाजूने येणारी मोटारसायकल, आणि मधेच फोनवर बोलत रस्ता ओलांडणारे गृहस्थ. लालबागला उड्डाणपुलाखाली तर माणूस कोणत्या खांबाआडून उगवेल याचा नेम नाही. इथे मान वर हवी, नजर लांब हवी. मी मात्र रोज पालथा पडून, मान मागे मोडून, अंगाचा भार दोन तळव्यांवर टाकून, पेव्हर ब्लॉक आणि गटाराची झाकणे यांचे धक्के मनगटांत झेलीत कॉलेज गाठत होतो. खडू पडू नये तर काय व्हावे?

लालबागमध्ये एका गल्लीच्या तोंडाशी एक सायकल-मिस्त्री बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते रिंग खात्यात बदली कामगार होते, वय जेमतेम वीस. संप संपण्याची वाट पाहता पाहता ते चुलत्याच्या सायकल दुकानात बसू लागले, ते आजतागायत. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, हवेचा पंप आणि पंक्चर पाहायची पाण्याची पाटी. मी त्यांना म्हणालो, "मामा, हे हँडल काढून टाका आणि आपल्या डबेवाल्यांच्या सायकलीसारखं बसवून द्या. ते बघा कसे ताठ बसतात."

कल्पना वरवर चांगली होती. मुंबईत डबे पोचवण्याचे काम १८९० पासून चालू आहे. डबेवाल्यांची ती दणकट काळी सायकल दोन्ही बाजूंना डब्यांचे घोस लटकवून चाललेली आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे हँडल उंच आणि मुठी थेट स्वाराकडे वळलेल्या. मामा हसले. म्हणाले, "सर, त्या सायकलीला फ्रीव्हील आहे, तुमच्या नाही. डबेवाला चढावर दमला तर उतरून ढकलतो, उतारावर पाय थांबवतो. तुम्हांला पुलावर उभं राहून पायडल मारावं लागतं. तेव्हा ह्या मागे वळलेल्या मुठी तुमच्या गुडघ्यांना लागतील. आणि थांबताना तुम्हांला हँडलवर जोर द्यावा लागतो. मुठी मागे असल्या तर जोर देणार कशावर? शिवाय त्या हँडलचे ब्रेक सळईचे. सळया काढल्या तर नुसता दांडा राहिला."

मला तेव्हा कळले की हँडल हे नुसते वळवायचे साधन नाही. मराठीत त्याला स्वतःचा शब्द नाही. 'सुकाणू' म्हणावे तर तो शब्द अरबीतून आला, होडीला चिकटला आणि तिथेच राहिला. आणि खरे सांगावयाचे तर तो पुरेसाही नाही. सुकाणू फक्त दिशा देते. सायकलचे हँडल दिशा देते, अंगाचा भार घेते, चढावर ओढायला आधार देते आणि थांबताना रेटायला जागा देते. ज्या सायकलीला पायांची सुटी नाही, तिच्यावर ही चारी कामे दुपटीने होतात. म्हणून अशा सायकलीला शहरासाठी मधला मार्ग घ्यावा लागतो. त्याला म्हणतात रायझर हँडल. मधे पकडीशी खाली, मग दोन्ही बाजूंना थोडे वर उचललेले, आणि तिथून जवळजवळ सरळ, किंचित मागे झुकत जाणारे. मोटारसायकलच्या हँडलासारखे, पण बारीक.

इथे मी मामांचे ऐकून घेतले आणि नंतर स्वतःची अक्कल चालवली. त्याची हकीकत सांगायला संकोच वाटतो, पण ती वगळली तर भाषणाला अर्थ राहणार नाही.

मामा म्हणाले होते, "हँडल घ्या, पण बसवायला माझ्याकडे आणा. आणि ब्रेकची मूठ नवी लागेल, तीही घ्या." मी शनिवारी काळबादेवीच्या बाजूला जाऊन हँडल घेतले. दुकानात सर्वांत रुंद होते ते घेतले, ७२ सेंटिमीटर. मला ते रुबाबदार वाटले. घरी आल्यावर पाहतो तर जुनी ब्रेकची मूठ नव्या हँडलवर आवळलीच जाईना. खाली वळलेल्या हँडलची नळी मुठीच्या जागी साधारण २३.८ मिलिमीटर जाड असते आणि रायझरची २२.२. फरक दीड मिलिमीटरांचा, पण जुनी मूठ नव्या नळीवर गरगर फिरे. सरळ हँडलची मूठ त्या दुकानात आठवडाभराने येणार होती. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे दादरला जेवायला जायचे होते. मी मनाशी म्हणालो, पायांनी थांबवता येतेच की! एवढी मुले ब्रेकशिवाय फिरतात. आणि पुढचा ब्रेक काढून ठेवून, नव्या हँडलच्या ऐटीत, रविवारी सकाळी निघालो.

दादर टी.टी.पर्यंत झकास गेलो. हात मोकळे, मान वर, जग नव्याने दिसत होते. टिळक पूल चढताना उभे राहून हँडल ओढले तर त्या रुंदीचा जोर काय वर्णावा! पण पुलाला जसा चढ असतो तसा उतारही असतो. रस्ता नुकताच भिजलेला होता. माझ्या सायकलीला पुढे ४६ दाते आणि मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. ताशी ३० किलोमीटर वेग झाला की पाय मिनिटाला ९३ फेरे घेतात. माझे पाय आता मी फिरवीत नव्हतो. चाक माझे पाय फिरवीत होते. अशा वेळी उलटा जोर द्यायला जावे तर पाय उसळून निघतात. तेवढ्यात समोर पदपथावरून एक पाच-सहा वर्षांची मुलगी वडिलांचा हात सोडून रस्त्यावर उतरली. तिचे काहीतरी खाली पडले होते, ते उचलायला ती वाकली.

मी ओरडलो. पायांनी होते नव्हते तेवढे बळ लावले. मागचे चाक ओल्या रस्त्यावर नुसते घसरत गेले. उजवीकडे टॅक्सी आणि डावीकडे कठडा. मधून एरवी सायकल निघाली असती, पण माझे हँडल ७२ सेंटिमीटरांचे होते. मी कठड्याकडे वळलो, हँडलचे टोक त्यावर आदळले आणि मी पडलो. मुलीला धक्का लागला नाही. हे आज सांगतानाही मी तेवढ्यावर क्षणभर थांबतो. ती माझ्याकडे पाहत उभी होती. हातात तिने उचललेली केसांची लाल पिन होती. तिचे वडील धावत आले. त्यांनी मुलीला कडेवर घेतले, मला उठायला हात दिला आणि विचारले, "काका, ब्रेक नाही का हो सायकलला?"

त्यांनी शिवी दिली असती तर बरे वाटले असते. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ब्रेक होता, तो घरी, गॅलरीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता.

सोमवारी सायकल हातात धरून मी मामांकडे गेलो. गुडघ्याची पट्टी त्यांनी पाहिली, हँडलचे वाकलेले टोक पाहिले आणि काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "मामा, वाकलेला भाग तसाही कापायचाच आहे. बाकीचं चालेल ना?" ते म्हणाले, "सर, लोखंड वाकून सांगतं. हे ॲल्युमिनियम सांगत नाही, एक दिवस मोडतं. आपटलेलं हँडल मी बसवणार नाही." त्या हँडलचे पैसे वाया गेले. शिक्षणाचा खर्च म्हणून पाहिले तर तो फार नव्हता.

मग त्यांनी मला जे शिकवले ते मी आता क्रमाने सांगतो. ज्यांच्या घरी अशी सायकल आहे, किंवा ज्यांचा मुलगा अशा सायकलीचा हट्ट धरून बसला आहे, त्यांनी ते ध्यानात ठेवावे.

पहिली गोष्ट, हँडलच्या आधी सीट. सीटचे नाक खाली झुकले असेल तर माणूस पुढे घसरतो आणि भार हातांवर येतो. मग हँडल कितीही चांगले घ्या. सीट सपाट करावी, उंची पायांच्या मापाने ठरवावी, आणि मगच हातांकडे वळावे. माझी सीट दोन बोटे झुकलेली होती. निम्मे दुखणे तिथेच होते.

दुसरी गोष्ट, उंची. रायझरचा उठाव दोन सेंटिमीटरांपासून दहापर्यंतही मिळतो. माणसाला वाटते जितके उंच तितके सुख. तसे नाही. फार उंच घेतले की सगळा भार सीटवर जातो, खड्ड्यांचे धक्के पाठीच्या कण्यात चढतात आणि पुढचे चाक हलके होऊन वळणावर बिचकते. मुठी सीटच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर आल्या म्हणजे बहुतेकांना पुरते. मला चार सेंटिमीटरांचा उठाव लागला. ज्या सायकलीत फोर्कची नळी आधीच आखूड कापलेली असते, तिथे खालून उंची वाढवता येत नाही. अशा ठिकाणी रायझरचा खरा उपयोग. जुन्या पद्धतीच्या सायकलीत मात्र हँडलचा गळा वर ओढता येतो. त्यावर एक खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसू लागेल इतका गळा कधीही वर घेऊ नये. निसटला तर हँडल हातात येते.

तिसरी गोष्ट, पुढे किती हात जावा. खाली वळलेल्या हँडलवर हात पकडीच्या बरेच पुढे असतात. रायझरवर ते पकडीच्या किंचित मागे येतात. म्हणजे नुसते हँडल बदलले तरी हात चांगले वीतभर अलीकडे येऊ शकतात. पाठ सैल होते हे खरे. पण फार अलीकडे आले तर उभे राहताना गुडघे लागतात. तेव्हा हँडल धरणारा गळा, ज्याला स्टेम म्हणतात, तो लगेच आखूड घेऊ नये. आहे तोच ठेवून आठ दिवस चालवून पाहावे.

चौथी गोष्ट, पकडीचे माप. मधल्या भागाची जाडी बहुधा दोन मापांत येते, २५.४ आणि ३१.८ मिलिमीटर. स्टेमचे जे माप तेच हँडलचे हवे. बारीक हँडल जाड स्टेममध्ये बसवण्यासाठी त्याच कामाची तयार कडी मिळते, ती चालते. पण डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळून आवळणारे महाभाग मामांनी पाहिले आहेत. ती पट्टी हँडलला ओरखडते, आणि ओरखड्यातून तडा सुरू होतो.

पाचवी गोष्ट, रुंदी. रुंद हँडलने जोर येतो, पण मुंबईत वाट मिळत नाही. मामांचा नियम साधा आहे. हँडल थोडे जास्त रुंदच घ्यावे, पण कापण्याची घाई करू नये. आधी मुठी आणि ब्रेक सैल करून दोन्हीकडून सारखे आत सरकवावेत आणि तसेच आठवडाभर चालवावे. बाहेर राहिलेली टोके कोणाला लागणार नाहीत एवढे मात्र सांभाळावे. हात जिथे आपोआप जातात तिथे खूण करावी. मग एका वेळी एकेक सेंटिमीटरच कापावे, कारण कापलेले परत जोडता येत नाही. बारीक दातांच्या पात्याने सरळ कापून कड कानशीने घासावी. वळण संपल्यावर जी सरळ नळी उरते तिच्यावर पकडीचे रबर आणि ब्रेकची मूठ दोन्ही मावली पाहिजेत. तिच्यापुढे कापता येत नाही. मी ६० सेंटिमीटरांवर थांबलो. आणि टोकांना बुचे लावायला विसरू नये. पडताना उघड्या नळीचे टोक पोटात शिरल्याच्या गोष्टी ऐकल्या की बूच ही शोभेची वस्तू नाही हे पटते.

आता बसवणे. हँडल पकडीत धरून आधी उठावाची रेघ फोर्कच्या कलाशी समांतर ठेवावी. मग सायकलवर बसून डोळे मिटावेत, हात नेहमीसारखे पुढे करावेत आणि मनगट कुठे मोडते ते पाहावे. हँडल पुढेमागे किंचित फिरवून मनगट आणि कोपराखालचा हात एका रेषेत आणावा. हे 'किंचित' फार महत्त्वाचे. एका रेघेइतक्या फरकाने माझ्या करंगळीत जीव आला. पकडीचे स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे थोडे आवळावेत. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. किती आवळावे याचा आकडा बहुधा स्टेमवर छापलेला असतो. ताकद दाखवण्याची ही जागा नव्हे. स्टेम काढला असेल तर आधी वरच्या टोपीचा स्क्रू, मग बाजूचे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवावी. गळ्यात 'टक टक' लागले तर काम अपुरे आहे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची तार ताणत नाही ना, हेही पाहावे.

आणि ब्रेक. ब्रेकची मूठ किंचित खाली झुकलेली असावी, म्हणजे बोटे मनगट न मोडता तिच्यावर पडतात. मूठ घेताना आपल्या ब्रेकला किती तार ओढावी लागते ते दुकानदाराला विचारावे. सगळ्या मुठी सगळ्या ब्रेकांना चालत नाहीत. थांबताना अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणून मागच्या चाकाला पायांनी कितीही आवरले तरी ते घसरते, आणि पुढचा ब्रेक साधारण निम्म्या अंतरात सायकल उभी करतो. हे विज्ञान शाळेत शिकवतात. मी ते पुलावर शिकलो. मागचे दातेरी चक्र धरणारी एक कडी असते, तिचे आटे उलटे असतात. उलट्या जोराने चक्र सुटू नये म्हणून. ती कडी घट्ट आहे की नाही, हेही मामांनी त्याच दिवशी पाहून घेतले.

आता महिने लोटले. खडू हातात राहतो. करंगळीला अजून कधी कधी मुंग्या येतात, विशेषतः लांब गेलो तर. नस सावकाश बरी होते असे डॉक्टर म्हणतात. पण एवढ्याने गोष्ट संपली नाही.

माझ्या वर्गात परळचा एक मुलगा आहे. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी घरोघर सामान पोचवण्याचे काम. त्याची सायकलही तसलीच, आणि बिनब्रेकची. मी ती कॉलेजच्या फाटकाशी कित्येकदा पाहिली होती. काही बोललो नव्हतो. उलट, माझीही तशीच आहे म्हणून आमच्यात जरा दोस्तीच होती. त्या सोमवारनंतर मी त्याला बोलावले. उपदेश करणार होतो. चार वाक्ये मनात जुळवूनही ठेवली होती. प्रत्यक्षात गुडघा दाखवला आणि पुलावरची हकीकत सांगितली, पिनेसकट. तो म्हणाला, "सर, ब्रेक लावला की मुलं हसतात." मी म्हणालो, "माझा खडू पडला तेव्हा तूही हसलास ना?" तो ओशाळला. म्हणाला, "थोडंसं." "मग त्यानं माझं काय बिघडलं?"

पुढच्या आठवड्यात मामांच्या पेटीशी आम्ही दोघे उभे होतो. त्याच्या सायकलीला ब्रेक बसला. मामांनी त्याचे पैसे हप्त्याने घ्यायचे ठरवले, आणि माझ्याकडून मात्र रोख घेतले. म्हणाले, "सर, तुम्हांला पगार आहे."

श्रोतेहो, माझा वेळ संपत आला. तुमच्यापैकी बहुतेकांकडे अशी सायकल नसेल. पण संध्याकाळी जिन्याखाली मुलाची सायकल उभी असेल, तर एकदा खाली जा. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल हलवून पाहा, टोकाचे बूच जागेवर आहे का पाहा, आणि ब्रेक दाबून पाहा. दोन मिनिटे लागतील. आणि मुलाने विचारले, "बाबा, काय करताय?" तर सांगा, की रेडिओवर एका मास्तरांनी त्यांची चूक सांगितली, तीच आपल्या घरात नाही ना, एवढे पाहतो आहे.